एक मुलूख, दोन धनी : छत्तीसगढातील अधीक्षकांचा कारभार (१८१८–१८३०)

मराठ्यांच्या इतिहासग्रंथांत छत्तीसगढाचा उल्लेख बहुधा दोनच ठिकाणी येतो. इ. स. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूरच्या हैहय राजास शरण आणतात, तो पहिला. आणि १८५४ मध्ये डलहौसी नागपूरचे राज्य खालसा करतो, तो दुसरा. या दोन घटनांच्या दरम्यान एक शतकाहून अधिक काळ या प्रांतावर मराठी दप्तराचा अंमल होता. त्यातली १८१८ ते १८३० ही बारा वर्षे मात्र वेगळी आहेत. राज्य नागपूरकर भोसल्यांचे, वसूल भोसल्यांच्या नावे, दप्तर मोडीतले, आणि हुकूम ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याचा, असा तो कारभार होता. छत्तीसगढच्या इतिहासकारांनी त्यास ‘ब्रिटिश संरक्षणाखालील मराठा शासन’ असे नाव दिले आहे. हे नाव सोयीचे असले तरी त्यात एक प्रश्न झाकला जातो. दोन सत्तांच्या नावे चाललेल्या कारभारात सुधारणा कोणी करावयाची, कोणासाठी करावयाची, आणि ती टिकवावयाची कोणी?

दुहेरी राज्यव्यवस्था म्हटली की अभ्यासकाला प्रथम बंगाल आठवते. तेथे १७६५ पासून दिवाणी कंपनीकडे आणि बंदोबस्ताची जबाबदारी नवाबाकडे होती. पैसा एकाकडे, दोष दुसऱ्याकडे. नागपूर राज्यात १८१८ नंतर जे घडले ते याच्या जवळजवळ उलट होते. येथे अधिकार आणि जबाबदारी ही दोन्ही कंपनीच्या माणसाकडे होती. राजाकडे उरले ते नाव. पुढे १८९९ मध्ये सुदानात इंग्लंड आणि इजिप्त यांचे संयुक्त राज्य उभे राहिले, तेथेही गव्हर्नर-जनरलची नेमणूक खेदिवाने करावयाची, पण इंग्रज सरकारच्या शिफारशीवरून. पॅसिफिक महासागरातील न्यू हेब्रिडीज बेटांवर इंग्लंड आणि फ्रान्स यांनी १९०६ पासून जो समाईक अंमल चालविला तो तिसऱ्याच प्रकारचा. दोन पोलीसदले, दोन कायदे, दोन अधिकारी शेजारी शेजारी, आणि दोहोंवर एक संयुक्त न्यायालय. त्या व्यवस्थेत १९१४ च्या कराराने सुधारणा करू पाहिली, तरी बेटांना १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळेपर्यंत ती तशीच अवजड राहिली. समान दर्जाच्या दोन धन्यांत सुधारणा अडून पडते, हे त्या बेटांनी दाखविले. छत्तीसगढात ती अडली नाही, याचे कारण तेथे धनी दोन असले तरी समान नव्हते.

सुधारणेचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती पाहणे अगत्याचे आहे. हैहयांच्या काळात हा मुलूख छत्तीस गढांत वाटलेला होता. अठरा रतनपूरच्या शाखेकडे आणि अठरा रायपूरच्या. गढाचा मुख्य दिवाण, त्याखाली बारा गावांच्या समूहाचा, म्हणजे ‘बारहों’चा मुख्य दाऊ, आणि गावात गौंटिया अशी ही उतरंड होती. १७५८ मध्ये थोरल्या रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास आले आणि १७८७ पर्यंत तेथे राहिले. मोडी लिपीचे दप्तर त्यांच्याबरोबर रुजले. रतनपूरच्या रामटेकरीवरील राममंदिर त्यांनीच बांधले. दसऱ्याला सोने वाटण्याची चालही त्यांच्याच काळातली मानतात. बिंबाजी प्रांतात राहत होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांच्या मृत्यूनंतर राजघराण्यातील कोणी येथे कायम राहिला नाही. नागपुराहून सुभेदार येऊ लागले. महिपतराव दिनकर हा पहिला. त्याच्यामागून आलेल्या विठ्ठलराव दिनकराने गढांची जुनी रचना मोडून परगणे केले आणि प्रत्येक परगण्यावर कमाविसदार नेमला. तोच सांगाडा पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती आला, म्हणून विठ्ठलरावाचे श्रेय विसरता येत नाही.

सुभेदारांच्या कारकिर्दीचे वर्णन इतिहासग्रंथांत एकमुखाने वाईट आहे. सुभेदारी पैशाच्या बोलीवर मिळे, मिळविणारा तो पैसा परगण्यातून काढी, कमाविसदार तो गावातून काढी, आणि शेवटी रयत गाव सोडून जाई. या वर्णनात तथ्य नाही असे नाही. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे हे वर्णन मुख्यतः ज्यांनी सुभेदारी मोडली त्यांच्याच लेखणीतून उतरलेले आहे. कर्नल पॅट्रिक व्हॅन्स ॲग्न्यू यांचा १८२० चा छत्तीसगढ सुभ्यावरील अहवाल आणि रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांचा १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेला नागपूर राज्यावरील अहवाल हे त्याचे आधार. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सुभेदारांचा जाच वाढला त्याच काळात नागपूरच्या खजिन्यावर मोठा आघात झाला होता. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. सुपीक मुलूख गेला, तेव्हा ओझे उरलेल्या मुलखावर पडले. पाठोपाठ पेंढाऱ्यांचा उपद्रव आला. ज्या रोगावर १८१८ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी औषध दिले त्याच्या कारणांत कंपनीचे युद्धही होते. इंग्रजी अहवालांत हे कारण अर्थातच ठळकपणे येत नाही.

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब भोसले पुढे कैद झाले आणि मे १८१८ मध्ये पहाऱ्यातून निसटले. २६ जून १८१८ रोजी दुसऱ्या रघूजींचा नातू (मुलीचा मुलगा) बाजीबा यास गादीवर बसवून तिसरे रघूजी हे नाव देण्यात आले. मूल सुमारे दहा वर्षांचे. वाड्यातील व्यवस्था बाकाबाईंकडे राहिली आणि राज्याचा कारभार जेन्किन्सने राजाच्या नावे हाती घेतला. राज्याच्या भागांवर एकेक इंग्रज अधिकारी अधीक्षक म्हणून नेमण्यात आला. छत्तीसगढावर प्रथम कॅप्टन एडमंड आले. त्यांच्या थोड्या दिवसांच्या कारकिर्दीचा बहुतेक भाग डोंगरगढच्या जमीनदाराचा उठाव शमविण्यात गेला. त्यानंतर त्याच वर्षी ॲग्न्यू आले आणि १८२५ पर्यंत राहिले. सुधारणा म्हणून जे ओळखले जाते ते बहुतांशी या सात वर्षांतले आहे.

त्यांचे पहिले काम सर्वांत टिकाऊ ठरले. प्रांताचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. रतनपूर हे हैहयांचे आणि बिंबाजींचे पीठ. त्याची प्रतिष्ठा मोठी, पण नागपुराशी रोजचा पत्रव्यवहार ठेवणाऱ्या अधिकाऱ्यास ते दूर पडे. रायपूर नागपूरच्या वाटेवर होते. बूढा तलाव, दूधाधारी मठ आणि भोवतालच्या पाऱ्यांचे ते गाव त्या दिवसापासून प्रांताची राजधानी झाले; १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले तेव्हाही त्यास प्रतिस्पर्धी उरला नव्हता. तात्यापारा, बूढापारा या भागांतील जुन्या मराठी वस्तीचा विचार करतानाही हे ठाणे हलविले जाणे नजरेआड करता येत नाही, कारण ठाण्याबरोबर दप्तर येते आणि दप्तराबरोबर कारकून येतात.

दुसरे काम परगण्यांचे. सत्तावीस परगण्यांचे आठ करण्यात आले : रतनपूर, रायपूर, धमतरी, दुर्ग, धमधा, नवागढ, राजहरा आणि खरौद. पुढे बालोद धरून ते नऊ झाले. वरवर पाहता ही केवळ काटकसर वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ खोल होता. सत्तावीस कमाविसदारांवर एका माणसाला देखरेख करणे अशक्य होते. आठांवर ते शक्य होते. अधीक्षक एकटा, त्याच्या हाताशी युरोपीय मनुष्यबळ जवळपास नाही, भाषा परकी. अशा स्थितीत त्याने नवी यंत्रणा उभारली नाही, जुनीच आखडून आटोपशीर केली. कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे, पंडित ही पदे होती तशीच राहिली. जेन्किन्सचे धोरणच असे होते की देशी संस्था मोडू नयेत, त्यांतील दुरुपयोग काढावा. या धोरणाला उदारपणाचे नाव देण्याची प्रथा आहे. त्यात दूरदृष्टी होती हे मान्य करूनही, राज्य परत करावयाचे आहे या जाणिवेचा त्यात वाटा होता असे म्हणावे लागते. दुसऱ्याच्या घरात भिंती पाडून चालत नाही.

महसुलाची बाब सर्वांत गुंतागुंतीची, आणि सुधारणेची मर्यादा येथेच स्पष्ट दिसते. छत्तीसगढच्या मैदानी खालसा भागात सारा बिघ्यावर बसत नसे. तो गावावर बसे, आणि गाव तो आपसांत नांगरांवर वाटून घेई. ज्याचे जितके नांगर तितका त्याचा हिस्सा. ही वाटणी न्याय्य राहावी म्हणून ‘लाखाबाटा’ नावाची एक चाल होती. काही काळाने गावातील शेते पुन्हा एकत्र धरून त्यांची नव्याने वाटणी करीत, जेणेकरून चांगली जमीन एकाच घराकडे कायम राहू नये. भर्री, कन्हार, मटासी या वेगवेगळ्या कसाच्या जमिनी प्रत्येकाच्या वाट्याला थोड्या थोड्या याव्यात, हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्रातील मिरासी कुळाच्या कल्पनेशी हे अगदी विसंगत आहे. तेथे शेत हे घराण्याचे, येथे नांगर हा घराण्याचा आणि शेत गावाचे. अशा गावात सारा किती बसतो यापेक्षा तो कोण वाटतो, या प्रश्नाला अधिक महत्त्व येते. वाटणारा गौंटिया. त्याने ओसाड जागी वस्ती बसविलेली, कुळांना बैल-बियाणे दिलेले, म्हणून तो गावाचा मुख्य.

अधीक्षकांच्या कारभाराने सारा तीन हप्त्यांत घेण्याचे ठरविले, जेणेकरून धान विकण्यापूर्वीच वसुलीची घाई होऊ नये. आणि ठरल्याहून अधिक मागण्यास बंदी केली. दोन्ही गोष्टी रयतेच्या हिताच्या होत्या. मात्र गावाच्या आत जाऊन वाटणी पाहणे हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. नागपूरकडील पाटीलकीच्या नमुन्यावर ‘पटेल’ हे पद येथे रूढ होऊ लागले. पण वऱ्हाड-नागपुरातला पाटील वतनदार, तर येथला पटेल वसुलीचा हस्तक. गौंटिया आणि पटेल या दोन कल्पनांची ही सरमिसळ पुढे अर्धशतक चालली आणि १८६० नंतरच्या बंदोबस्तात तिच्यातूनच ‘मालगुजार’ हा जमिनीचा मालक बनून बाहेर पडला. लाखाबाटाही त्यानंतर हळूहळू मोडला. तेव्हा रयतेच्या दृष्टीने विचार केला तर ॲग्न्यू यांच्या काळात वरचा जाच कमी झाला, आतला प्रश्न मात्र तसाच राहिला.

साऱ्याखेरीज अन्य करही होते. जमीनदारांकडून टाकोळी, मालाच्या ये-जा वर सायर, दारूवर कलाली, आणि शेती न करणाऱ्या घरांवर पंढरी. हा शेवटचा शब्द मराठी वाचकास आपला वाटेल; गावाची ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढर’ म्हणजे वस्ती, या जोडीतलाच तो आहे, आणि मराठी दप्तर किती खोल गेले होते याची साक्ष देतो. ‘सेवाई’ या सदरात दंड, जप्ती अशा किरकोळ बाबी येत, आणि लहानसहान गुन्ह्यांवर दंड लावून पैसा काढण्याची वाट त्यातूनच जाई. सुभेदारीच्या काळात प्रजेला सारा जितका बोचला नाही तितके हे दंड बोचले असावेत. साऱ्याला मोजमाप होते, दंडाला नव्हते. न्यायाचे काम पंचायत, कमाविसदार आणि अधीक्षक अशा पायऱ्यांनी चालू लागले आणि मृत्युदंडासारख्या शिक्षेस नागपुराहून मान्यता लागू लागली, तेव्हा या मनमानीस पहिल्यांदा वरून आवर बसला.

मैदानातले हे चित्र डोंगरी भागास लागू पडत नाही. प्रांताच्या कडेने जमीनदाऱ्या होत्या, आणि त्यांच्या दृष्टीने दोन धन्यांचा कारभार म्हणजे निष्ठेचा पेच होता. आप्पासाहेब फरारी असल्याने त्यांच्या नावाने उठणाऱ्यास काही काळ आधार होता. सोनाखानच्या रामरायाविरुद्ध १८१९ मध्ये कॅप्टन मॅगसन यांच्याबरोबर फौज पाठवावी लागली. बस्तरमध्ये परलकोटचे गेंदसिंह यांनी १८२४ च्या अखेरीस मराठे आणि इंग्रज या दोघांविरुद्ध एकदमच शस्त्र उचलले; २० जानेवारी १८२५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. अबुझमाडच्या आदिवासींना दोन सत्तांतील भेद कळला नाही असे नव्हे. तो भेद त्यांच्या दृष्टीने निरर्थक होता. कर मागणारा मराठा आणि त्याच्या पाठीशी फौज उभी करणारा इंग्रज, ही त्यांना एकाच हाताची दोन बोटे दिसली. संयुक्त राज्यकारभाराचे यापेक्षा नेमके वर्णन त्या काळच्या कोणत्याही अहवालात सापडणे कठीण आहे. रामरायाचे पुत्र नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी झाली, तेव्हा मराठे रंगमंचावरून गेलेले होते. संघर्ष मात्र जुनाच होता.

ॲग्न्यू १८२५ मध्ये पायउतार झाले. त्यांच्यानंतर हंटर, सँडिस, विल्किन्सन आणि क्रॉफर्ड आले. यांपैकी सँडिस यांचीच कारकीर्द काही लक्षणीय आहे. लोरमी आणि तरेंगा येथे ओसाड मुलूख आबादीस आणण्यासाठी त्यांनी ‘ताहुतदारी’ नावाचे हक्क निर्माण केले आणि सरकारी कामकाजात इंग्रजी वर्ष चालू केले. दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, तशी ती नाही. मोडी दप्तर फसली सनावर आणि मराठी महिन्यांवर चालत असता वरच्या कचेरीचे वर्ष निराळे झाले की हिशेबाचा धनी कोण, हे वर्षाच्या पहिल्याच दिवशी कळते. ॲग्न्यू यांचा कारभार देशी पद्धतीच्या आत राहून चालला. सँडिस यांच्या काळात ती पद्धत कडेने विरू लागली.

इतक्यात राजा वयात आला होता. १३ डिसेंबर १८२६ च्या तहाने राज्याचा काही भाग त्याच्या हवाली झाला. छत्तीसगढासह बाकीचा मुलूख कंपनीच्या अधिकाऱ्यांकडेच राहिला. १८२९ च्या अखेरीस नवा तह होऊन तोही परत करण्याचे ठरले, आणि १८३० मध्ये क्रॉफर्ड यांनी छत्तीसगढचा कारभार भोसल्यांचे जिल्हेदार कृष्णराव आप्पा यांच्या स्वाधीन केला. कंपनीने एकदा हाती आलेला मुलूख परत केल्याची उदाहरणे मोजकी आहेत. म्हैसूर १८३१ मध्ये घेतले ते परत मिळण्यास १८८१ उजाडले. त्या मानाने नागपूरची बारा वर्षे थोडी होत, आणि त्याबद्दल जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांना श्रेय दिले पाहिजे. परंतु गैरकारभार झाल्यास पुन्हा हात घालण्याचा हक्क राखूनच हे दान झाले होते.

जिल्हेदारांचा काळ, १८३० ते १८५४, हा अपकर्षाचा म्हणून रंगविला जातो. सुभेदारांइतके वाईट दिवस परत आले नाहीत, हेही तेच लेखक मान्य करतात. परगणे ॲग्न्यू यांनी आखले तसेच राहिले, कमाविसदार तसेच राहिले, ठाणे रायपुरासच राहिले. बदलले ते एकच. अधीक्षक प्रांतात फिरत असे, कमाविसदारावर तक्रार ऐकणारा तो तिसरा माणूस होता, आणि त्याची पदोन्नती परगण्याच्या वसुलीच्या बोलीवर अवलंबून नव्हती. जिल्हेदार नागपूरच्या दरबाराकडे डोळे लावून असे. अधीक्षकांनी यंत्र दुरुस्त केले, पण त्याचे नियम प्रजेच्या हाती पडतील अशा रूपात मागे ठेवले नाहीत. सारा वाढला तर कोठे दाद मागावी, गौंटियाने वाटणी बिघडवली तर पुरावा काय, याचे उत्तर १८३० पूर्वी ‘साहेब’ एवढेच होते. साहेब गेल्यावर उत्तर उरले नाही. सुधारणा माणसाबरोबर आली आणि बरीचशी माणसाबरोबर गेली. संयुक्त कारभाराचा हा दोष नागपूरकर राजाचाही नव्हे आणि ॲग्न्यू यांचाही नव्हे; तो त्या व्यवस्थेच्या स्वरूपातच होता. तात्पुरत्या धन्याला कायमचा कायदा करण्याचा अधिकार नव्हता आणि कायमच्या धन्याला तो करण्याची सवय लागू दिली गेली नव्हती. राजा सज्ञान होईपर्यंतच्या बारा वर्षांत राज्यकारभार शिकविला गेला तो अधिकाऱ्यांना. ज्याचे राज्य, तो वाड्यात राहिला.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले. औरस पुत्र नव्हता. दत्तकाचा हक्क डलहौसीने अमान्य केला आणि मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. छत्तीसगढात या स्थित्यंतराचा गाजावाजा फारसा झाला नाही, आणि त्याचे कारण आता उघड आहे. १ फेब्रुवारी १८५५ रोजी शेवटचे जिल्हेदार गोपाळराव आनंद यांच्याकडून कॅप्टन चार्ल्स इलियट यांनी रायपुरात सूत्रे घेतली. इलियट यांना नवे काही आखावे लागले नाही. रायपूर, धमतरी आणि रतनपूर येथे तहसिली बसल्या. १८५७ मध्ये धमधा आणि नवागढ यांची भर पडली. पाचही नावे ॲग्न्यू यांच्या आठ परगण्यांतलीच होती. गोपाळराव आनंद यांची नव्या सरकारात अतिरिक्त सहायक आयुक्ताच्या जागेवर नेमणूक झाली.